मावशीचा खोकला, आठ बाथरूम आणि एक बंद डक्ट

माझी मावशी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहते, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. बिल्डिंग १९७९ ची, तळमजला धरून चार मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिला कोरडा खोकला लागला आणि तो जाईचना. आधी वाटलं हवा बदलली म्हणून असेल, मग वाटलं अॅसिडिटीचा असेल, मग ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. जुलैपर्यंत अशी वेळ आली की जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर तिला कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. वय ६८, पण त्याआधी रोज पहाटे म्हातोबाच्या टेकडीवर जाऊन यायची ही बाई.

एक गोष्ट तिच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या बरोबर लक्षात आली. मे महिन्यात मावशी तिच्याकडे नाशिकला तीन आठवडे होती तेव्हा खोकला जवळजवळ थांबला होता आणि पुण्याला परतल्यावर चार-पाच दिवसांत परत सुरू. छातीच्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घरी कबुतरं पाळता का? मावशी म्हणाली छे, आमच्याकडे काहीच नाही. ते खरंच होतं. मग एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन झाला, फुफ्फुसांची फुंकर मारायची टेस्ट झाली, रक्ताच्या टेस्ट झाल्या आणि निदान आलं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. थोडक्यात काय, तर श्वासातून सतत आत जाणाऱ्या कशाच्या तरी विरोधात शरीर इतकं चवताळतं की फुफ्फुसांनाच सूज येते. हे इन्फेक्शन नाहीये, त्यामुळे अँटिबायोटिकने ते जायचं कारणच नव्हतं. कबुतराच्या विष्ठेतली प्रथिनं आणि त्याच्या पिसांवर असते ती पांढरी भुकटी हे याचं अगदी नेहमीचं कारण. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, गोळ्यांनी सूज उतरेल पण जे आत जातंय ते थांबलं नाही तर परत येईल आणि दरवेळी फुफ्फुस थोडं थोडं कायमचं कडक होत जाईल.

मी गेली अठरा वर्षं पुण्यात एसी आणि व्हेंटिलेशनची कामं करतो, म्हणून ऑगस्टमध्ये मावशीचा फोन आला, "अरे ये ना, डॉक्टर म्हणतायत घरात काहीतरी आहे, तू एकदा बघून जा."

पहिल्या दिवशी माझं लक्ष एसीकडेच गेलं, सवयीने. बेडरूममधल्या स्प्लिट एसीची जाळी काढली, धूळ होती पण भयंकर काही नाही. बेडरूमच्या एका भिंतीला कपाटाच्या मागे काळपट हिरवी बुरशी होती, हाताच्या पंज्याएवढे तीन डाग. घरात दमटपणा ७८ टक्के, बाहेर पाऊस चालू होता म्हणून त्याचं फार आश्चर्य नाही. हॉलच्या खिडक्या बंद, कारण रस्त्याची धूळ आणि संध्याकाळी डास. आणि एक वास होता. स्वयंपाकघरात कढई चढली की हॉलमध्ये एक कुबट, आंबूस, थोडा गोठ्यासारखा वास यायचा. मावशीला तो येतच नव्हता, रोज राहणाऱ्याला येत नाही, पण मला दारातच आला.

त्या वासावरून मला उदबत्तीची युक्ती सुचली. सगळी दारं-खिडक्या रोज असतात तशी बंद ठेवली, किचनची चिमणी फुल स्पीडवर लावली आणि पेटवलेली उदबत्ती बाथरूमच्या दाराच्या फटीपाशी धरली. धूर सरळ वर जायला पाहिजे होता, तो आडवा होऊन बाथरूममधून बाहेर, पॅसेजकडे आणि तिथून किचनकडे, अगदी दोरी धरून ओढल्यासारखा निघाला. चिमणी बंद केली तेव्हा धूर मंदावला पण दिशा तीच राहिली. मावशी शेजारी उभी होती, ती म्हणाली, "म्हणजे मी जेवण करताना संडासातली हवा खातेय?" दुर्दैवाने हो.

कारण साधं आहे. चिमणीच्या खोक्यावर ताशी हजार-बाराशे घनमीटर हवा ओढते असं लिहिलेलं असतं, पाइपाला दोन-तीन वळणं असली की प्रत्यक्षात निम्म्यावर येते असं धरा. मावशीचा फ्लॅट ६०० स्क्वेअर फुटाचा, त्यात एकूण हवा मावते साधारण १७० घनमीटर. म्हणजे निम्म्या ताकदीने चालली तरी चिमणी तासाभरात घरातली सगळी हवा तीन-चार वेळा बाहेर टाकते. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि खिडक्या बंद असतील तर ती उघड्या राहिलेल्या एकमेव भोकातून येणार, म्हणजे बाथरूमच्या व्हेंटिलेटरमधून. आणि हा व्हेंटिलेटर उघडत होता डक्टमध्ये.

डक्ट म्हणजे एसीचा पत्र्याचा डक्ट नव्हे. आपल्याकडे जुन्या बिल्डिंगमध्ये डक्ट म्हटलं की दोन फ्लॅटच्या मधली ती उभी पोकळी, जिच्यात संडास-बाथरूमचे व्हेंटिलेटर उघडतात आणि ड्रेनेजचे पाइप उतरतात. मावशीच्या बिल्डिंगमधला साधारण चार फूट बाय पाच फूट, तळापासून गच्चीपर्यंत, प्रत्येक मजल्यावरचे दोन मिळून आठ फ्लॅटचे व्हेंटिलेटर त्यात. तळाला एक लोखंडी दार होतं, त्याच्यासमोर एक बंद पडलेली स्कूटर लावलेली, चावी कुणाकडे आहे हे चेअरमनना माहीत नव्हतं, सेक्रेटरींना माहीत नव्हतं, शेवटी कुलूप कापलं.

आत टॉर्च मारला. तळाला कबुतराच्या विष्ठेचा थर होता, माझ्या हातातला खिळा घुसवून बघितला तर वीतभर खाली गेला आणि तरी जमीन लागली नाही. वरचा भाग राखाडी, कोरडा, पापडासारखा तडकलेला, आणि भिंतीलगत जिथे पाइपातून पाणी झिरपत होतं तिथे काळा चिखल. बीडाच्या पाइपाच्या जॉइंटवर, खिडक्यांच्या छज्ज्यांवर, प्रत्येक सपाट जागी काड्यांची घरटी. दोन फ्लॅटच्या चिमणीचे पाइपही याच डक्टमध्ये सोडलेले, त्यांच्या तोंडाशी तेलाचा पिवळा चिकट थर आणि त्याला पिसं चिकटलेली, दार उघडल्यावर जी काही झुळूक आली त्याने ती पिसं थरथरत होती. मी दार परत लावलं आणि त्या दिवशी आणखी काही उकरलं नाही, माझ्याकडे त्यावेळी मास्कही नव्हता.

मग गच्चीवर गेलो. २०११ च्या सुमारास सोसायटीने डक्टच्या तोंडावर फायबरचा पत्रा टाकला होता, पावसाचं पाणी बाथरूममध्ये येतं म्हणून. कल्पना चुकीची नव्हती, पण पत्रा थेट कठड्यावर ठेवून चारी बाजूंनी सिमेंटने पॅक केला होता. नंतर कधीतरी वळवाच्या पावसात त्याचा एक कोपरा तुटला, आणि तेवढं भोक कबुतराला ये-जा करायला पुरलं, हवेला मात्र पुरलं नाही. डक्ट बांधणाऱ्याने तो धुराड्यासारखा काम करावा म्हणून ठेवलेला असतो, खालून गार हवा शिरते, बाथरूममधली गरम दमट हवा वर चढते आणि गच्चीवरून निघून जाते, वीज लागत नाही, पंखा लागत नाही. वरचं तोंड बंद केल्यावर तीच गरम हवा वर चढून पत्र्याला अडते आणि मग सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या व्हेंटिलेटरमधून घरात शिरते. आठ बाथरूमची वाफ, खालच्या मजल्याचं तळण आणि त्या थराची धूळ, सगळं मावशीच्या घरात. तिलाच खोकला का आणि तळमजल्यावरच्यांना का नाही, याचा माझा तरी हिशोब इथे लागला. पहिल्या मजल्यावरच्या लोकांना वासाचा त्रास होता पण श्वासाचा नव्हता. अर्थात प्रत्येकाच्या शरीराचंही वेगळं असतं, समोरच्या फ्लॅटमधले आजोबा तेवढीच हवा घेत होते आणि त्यांना काही झालं नाही.

आता मधेच एक गोष्ट सांगतो, कारण या सगळ्यात ती सगळ्यात जास्त घाईची होती आणि ती मावशीच्या घरातली नव्हती. मी एकेक फ्लॅटचे व्हेंटिलेटर बघत खाली उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावर काका-काकू दोघंच राहतात, मुलगा परदेशात. त्यांनी कबुतरांना कंटाळून बाथरूमचा व्हेंटिलेटर प्लायवूड मारून पूर्ण बंद केला होता, कडेने सिलिकॉनसुद्धा भरलेलं. आणि त्याच बाथरूममध्ये भिंतीवर गॅसचा गीझर. मी काकांना विचारलं, तुम्हाला आंघोळ करताना कधी त्रास होतो का? ते म्हणाले, "थंडीत कधीकधी गरगरतं, डोकं दुखतं, बीपीची गोळी वाढवून घेतली." मी तिथल्या तिथे गॅसचा कॉक बंद केला आणि त्यांना हात जोडून सांगितलं की काका, आजपासून हा गीझर लावायचा नाही, कितीही अडचण झाली तरी.

बंद जागेत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, माणसाला आधी डोकेदुखी, गरगर, मळमळ, मग हातपाय गळतात आणि दाराची कडी काढण्याएवढीही ताकद राहत नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, बहुतेक वेळा बाथरूम छोटं, दार बंद, खिडकी बंद, गीझर आत. काकांनी चार दिवसांत विजेचा गीझर बसवला आणि प्लायवूड काढून जाळी लावली. कबुतरांसाठी प्रत्येकाने आपापलं भोक बुजवायचं हा उपाय जवळजवळ प्रत्येक जुन्या बिल्डिंगमध्ये दिसतो, आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असताना तो करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी जाऊन बघा.

सोसायटीची मीटिंग सप्टेंबरमध्ये झाली. पहिला तासभर डक्ट कुणाचा यावरच गेला. दुसऱ्या बाजूच्या चार फ्लॅटचा डक्ट वेगळा, ते म्हणाले आम्ही पैसे का द्यायचे. तळमजल्यावरचे म्हणाले वरच्यांचीच घाण खाली पडते. एकांनी एका फर्मचं कोटेशन आणलं होतं, डक्ट सॅनिटायझेशन, ४० हजार, त्यात केमिकलचं फॉगिंग आणि रात्रभर ओझोनचं मशीन लावून ठेवणं. काम एका दिवसात, कुणाला काही त्रास नाही. लोकांना ते पटत होतं आणि मला ते का पटतं हेही कळत होतं.

मी एवढंच मांडलं की वीतभर थरावर वरून धूर मारला तर थर तिथेच राहतो. मावशीला त्रास देणारी गोष्ट जिवंत जंतू नाहीयेत, ती प्रथिनं आहेत, त्यांना मारायचं काय, ती उचलून बाहेर न्यावी लागतात. ओझोन स्वतःच फुफ्फुसांना झोंबणारा वायू आहे, माणसाला सुरक्षित एवढ्या प्रमाणात तो हवेतली घाण काढायला पुरत नाही, असं अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने स्पष्ट म्हटलंय. हेच खातं तिथल्या घरांमधल्या एसी डक्टबद्दलही म्हणतं की उगाच ठरावीक काळाने साफसफाई करायची गरज नाही, आत बुरशी दिसत असेल, उंदीर-कीटक असतील किंवा धुळीने तो तुंबला असेल तरच करा, आणि मूळ कारण दुरुस्त केल्याशिवाय करू नका. आपला डक्ट वेगळ्या जातीचा आहे पण हे वाक्य त्याला तंतोतंत लागू पडतं. कारणं आपल्याकडे चार होती. कबुतरांची वाट, झिरपणारा पाइप, बंद तोंड आणि उलटी वाहणारी हवा.

पाचवं कारण मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही पण सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजी रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी टाकायच्या, आजोबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं. त्यांना नोटीस पाठवायची असं चाललं होतं. मी म्हटलं आधी मला भेटू द्या. मी मावशीला बरोबर घेऊन गेलो, मावशीला त्यांच्यासमोर काही बोलावंच लागलं नाही, दोन मजले उतरून बसली तरी तिला धाप लागलेली आणि मधे मधे खोकला. आजींनी ते बघितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं मुक्या जिवाला दोन दाणे देतेय. कुणाच्या छातीवर बसतील असं कोण सांगणार मला?" त्या दिवसापासून ज्वारी बंद. आता त्या तेवढीच ज्वारी महिन्याला साठवून गावाकडे गोठ्यात देतात. मला अजूनही वाटतं की नोटीस गेली असती तर हे झालं नसतं.

पैसे शेवटी रिपेअर फंडातून, सगळ्या बारा फ्लॅटचे, आणि दुसऱ्या डक्टचं कामही पुढच्या वर्षी करायचं या अटीवर. आमचा खर्च आला ८६ हजार.

साफसफाई आम्ही मुद्दाम कोजागिरीनंतर धरली. एक तर पाऊस थांबायला हवा होता, आणि दुसरं म्हणजे तीन घरट्यांमध्ये अंडी-पिल्लं होती. कबुतराची अंडी साधारण अठरा दिवसांत फुटतात आणि पिल्लू महिन्याभरात उडतं, तेवढं थांबलो, तोपर्यंत रिकाम्या घरट्यांच्या जागी नवीन काड्या जमू दिल्या नाहीत. कामाच्या आठवड्यात मावशीला नाशिकला पाठवलं. आठही व्हेंटिलेटर आतून प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी लावून बंद केले, तेवढे दिवस राहिलेले दोन गॅस गीझरही बंद.

कामाला जी मुलं आली ती तोंडाला रुमाल बांधून आणि हातात खराटा घेऊन आली. मी त्यांना काम सुरू करू दिलं नाही. कोरडी विष्ठा खराट्याने झाडणं ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात घातक गोष्ट आहे, तीच धूळ उडते, आणि तिच्यात बुरशीचे असे बीजाणू असू शकतात ज्यांनी धडधाकट माणूससुद्धा आजारी पडतो. एन-९५ मास्क, डोळ्याला गॉगल, हातमोजे, अंगभर सूट, परांचीवर चढणाऱ्याला हार्नेस. मुलं म्हणाली साहेब गरम होतं. होतंच. म्हणून तासाभराने बाहेर काढून पाणी पाजायचं, दोघांची पाळी लावायची, पण मास्क काढायचा नाही. आधी गच्चीवरचा पत्रा काढून टाकला, म्हणजे आतली हवा मोकळी झाली. मग शेतात औषध मारायचा पाठीवरचा पंप, नवा कोरा आणला, त्यात साबणाचं पाणी, आणि वरून खाली सगळं हळूहळू ओलं केलं. धार मारायची नाही, नुसता फवारा. अर्धा तास मुरू दिलं. मग खोऱ्याने उचलून जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी परत गोणीत, तोंड बांधून. दोन दिवसांत ३१ गोण्या निघाल्या. त्यासाठी वेगळा टेम्पो सांगितला, आणि रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आधीच सांगून ठेवलं की या गोण्यांना हात लावायचा नाही.

सगळा थर निघाल्यावर मगच ब्लीचचं पाणी. लोक उलटं करतात, घाणीवरच ब्लीच ओततात, पण घाणीतच त्याची ताकद संपून जाते आणि भिंतीपर्यंत काही पोचत नाही. आणि ब्लीच वापरलं त्या दिवशी कुणीही बाथरूममध्ये अॅसिड ओतायचं नाही असं प्रत्येक दारावर चिकटवलं, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो आणि खाली त्याच पाइपांपाशी आमची मुलं उभी होती.

डक्टमध्ये पावसाच्या पाण्याचे दोन जुने सिमेंटचे पाइप होते, राखाडी, तुळतुळीत. त्या काळातले असे पाइप म्हणजे बहुधा अॅस्बेस्टॉसचे. प्लंबर हातोडीने फोडून काढायला निघाला होता, त्याला थांबवलं. तुटला, कापला, घासला तर त्याचे तंतू उडतात आणि ते फुफ्फुसात गेले की त्याचे परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात. शाबूत असेल तर तो त्रास देत नाही. एक शाबूत होता तो तसाच ठेवला. दुसऱ्याला चीर होती, ती ओली करून वरून पट्टी गुंडाळून रंग दिला. बीडाच्या पाइपाचा झिरपणारा जॉइंट मात्र बदलला, आणि मावशीच्या बेडरूममधली बुरशी नेमकी त्याच जॉइंटच्या मागच्या भिंतीवर होती.

मग हवेची वाट. गच्चीवर डक्टच्या तोंडावर परत छप्पर केलंच, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात लोकांनी मलाच शिव्या दिल्या असत्या, पण या वेळी लोखंडी अँगलवर दीड फूट उचलून, चारी बाजू मोकळ्या, त्यांना कबुतरजाळी घट्ट ताणून. तळाच्या लोखंडी दाराचा पत्रा कापून तिथे जाळीचं दार केलं, म्हणजे खालून हवा शिरते. स्कूटर उचलली. दोन चिमण्यांचे पाइप डक्टमधून काढून बाहेरच्या भिंतीला नेले, एका फ्लॅटवाल्यांनी यासाठी फार वेळ घेतला, बाहेरून पाइप दिसतो म्हणून. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला मागून झडपा बसवल्या, पंखा बंद असला की त्या पडतात आणि डक्टमधली हवा परत आत येत नाही.

घराच्या आत त्यामानाने कमी काम होतं. मावशीच्या दुसऱ्या बाथरूमचं पाणी कुणी वापरत नव्हतं, तिथली नहाणी ट्रॅप कोरडी पडली होती. त्या वाटीत दोन इंच पाणी असतं म्हणूनच ड्रेनेजचा वास वर येत नाही, वाळलं की रस्ता मोकळा. आता दर रविवारी ती एक तांब्या पाणी ओतते. भिंतीचा फुगलेला गिलावा खरवडून, महिनाभर वाळू देऊन, वर चुना दिला, ऑइलपेंट नाही. चुन्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही आणि भिंतीचा ओलावा बाहेर पडू शकतो. गाद्या-उशांचे अभ्रे आणि पडदे गरम पाण्यात, कारण कबुतरं गेली तरी ती भुकटी घरात अनेक महिने राहते. हॉलच्या खिडक्यांना डासांची जाळी लावली आणि मच्छर अगरबत्तीची कॉइल कायमची बंद केली. कॉइलबद्दल लोकांना खरंच कल्पना नसते, २००३ सालच्या एका संशोधनात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते, आणि आपण ती उशाशी लावून झोपतो.

आणि सवय बदलली ती चिमणीची. चिमणी लावायच्या आधी हॉलची खिडकी उघडायची, मग चिमणी. एवढ्याने उदबत्तीचा धूर उलटा फिरला, हॉलकडून किचनकडे, आणि बाथरूमच्या दाराशी तो आता हलतही नाही. खिडक्या कधी उघडायच्या यावर मावशीचं आणि माझं थोडं वाजलं. तिचं म्हणणं पहाटेची हवा शुद्ध. पुण्यात थंडीत तसं नसतं, पहाटे गार जड हवा खाली बसते आणि रात्रभराचा धूर-धूळ तिच्यातच अडकून राहतो, ऊन तापल्यावर ती वर उचलते. पाषाणच्या आयआयटीएमने केलेली 'सफर' यंत्रणा हवेचे आकडे रोज देते, ते बघून ठरवायला सांगितलं. आता थंडीत ती अकरा ते चार उघडं ठेवते, पावसाळ्यात उघडीप मिळेल तसं.

प्युरिफायर मी सगळ्यात शेवटी घेतला, फक्त बेडरूमसाठी, हेपा फिल्टरचा. तो कण पकडतो, ओल कमी करत नाही, कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, आणि डक्ट तसाच ठेवून तो ऑगस्टमध्येच घेतला असता तर त्याचा फिल्टर दोन महिन्यांत काळा झाला असता. स्प्लिट एसीचंही तसंच आहे, तो खोलीतलीच हवा गार करून परत देतो, बाहेरची एक फुंकरही आत आणत नाही. बेडरूम रात्रभर बंद असली की सकाळी माझ्या मीटरवर कार्बन डायऑक्साइड १८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर असायचा, बाहेर साधारण ४२० असतो. आता दाराच्या वरची जुनी झडप उघडी ठेवून ११०० च्या आसपास येतो. मला तो हजाराच्या खाली हवाय, अजून जमलेलं नाही.

मावशी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आली. पहिला महिना मी रोज फोन करत होतो. खोकला हळूहळू कमी झाला, डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस उतरवायला घेतला, फेब्रुवारीतल्या फुंकरीच्या टेस्टमध्ये आकडे आधीपेक्षा बरे आले पण पूर्ण नॉर्मल नाहीत. फुफ्फुसाचा जो भाग कडक झालाय तो तसाच राहील असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांचा वाटा किती आणि डक्टचा किती हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकदमच झालं. पण गेल्या वर्षी नाशिकहून आल्यावर चार दिवसांत जो खोकला परतला होता तो या वेळी परतला नाही. म्हातोबाची टेकडी अजून नाही जमत, कर्वे पुतळ्यापर्यंत चालत जाऊन येते, मधे न बसता.

कबुतरं अर्थात पुण्यातून कुठे गेली नाहीत, त्यातली बरीचशी शेजारच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये गेली, मावशीच्या गॅलरीतून त्यांची ये-जा दिसते. तिथेही वर पत्राच आहे आणि दोन व्हेंटिलेटरना प्लायवूड मारलेलं दिसतं. त्या बाथरूममध्ये कुठला गीझर आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना बरोबर घेऊन या रविवारी तिथल्या चेअरमनना भेटायला चाललोय.